रस्सा गार आला, त्यात वाढणाऱ्याचा दोष किती?

ताई, नमस्कार.

मागच्या रविवारी बाबांना पासष्ट वर्षं पूर्ण झाली. पुण्याहून सासू-सासरे आले होते. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि दुपारी आम्ही आठजण एका मोठ्या हॉटेलात मटणाचं ताट जेवायला गेलो. सासूबाई शाकाहारी आहेत. नंबर लागायलाच अर्धा तास गेला, बसल्यावर ताटं यायला आणखी पन्नास मिनिटं. पांढरा रस्सा कोमट होता, भाकऱ्या एकेक करत आल्या. त्यात वाढणाऱ्या मुलानं तांबड्या रश्श्याचा डाव सासूबाईंच्या भाजीत बुडवला. त्या काही न बोलता उठल्या आणि हात धुऊन आल्या. मी विचारलं तर तो म्हणाला, "गर्दी आहे साहेब, दिसत नाही का?" बिल आलं ३,६९६ रुपये. त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. मी सगळं भरलं, पण त्या मुलाला सगळ्यांदेखत सुनावलं, "तुला टिप कशाची द्यायची? आधी वाढायला शीक."

निघताना बघतो तर बाबांनी बडीशेपेच्या वाटीखाली शंभराची नोट ठेवलेली. गाडीत मी बोललो, "असल्या कामाला बक्षिसी देता, म्हणून ही माणसं सुधारत नाहीत." बाबांनी उत्तर दिलं नाही. चार दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांची तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून गेली. शंभर रुपयांची किंमत त्यांना कळत नाही असं नाही. बायको म्हणते, ऑनलाइन एक स्टार देऊन टाका आणि विषय संपवा. ताई, चुकलं कोणाचं? टिप कधी आणि किती द्यायची? आणि सर्व्हिस वाईट असली तर करायचं काय?

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंच्या ताटाचं वाचून मलाही संताप आला. शाकाहारी माणसाच्या भाजीत मटणाच्या रश्श्याचा डाव बुडणं ही 'होतं असं कधीकधी' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तुमचा राग खरा आहे. पण तो निघाला त्या पोरावर, आणि ज्याला जाब विचारायला हवा होता त्या मालकाला तुम्ही ३,६९६ रुपये मुकाट्यानं मोजून आलात, तेही सर्व्हिस चार्जसकट. पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

माझ्या आईची मंगळवार पेठेत खानावळ होती. वीस-बावीस मुलं जेवायला असायची, बहुतेक कॉलेजची, दोन-तीन तालमीतली. वाढायला गारगोटीकडचा एक पोरगा होता. परीक्षेच्या दिवसांत एकदा भाकरीला उशीर झाला म्हणून एक विद्यार्थी त्याच्यावर खेकसला. आई चुलीपुढनं उठली आणि पिठाच्या हातानंच बाहेर आली. "भाकरी मी भाजते. त्याला काय विचारतोयस? मला विचार." मग तिनं त्या विद्यार्थ्याचं सगळं ऐकून घेतलं, वर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परीक्षेला जाणाऱ्यांची पंगत अर्धा तास आधी बसायला लागली.

मी तेव्हा आठवी-नववीत असेन. तक्रार योग्य माणसापर्यंत पोचली की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. ती मधल्याच माणसावर आदळली असती तर त्या पोराचे डोळे भरले असते आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही उशिराच आली असती.

आता तुमच्या रविवारकडे त्याच नजरेनं बघू या. नंबर लागायला अर्धा तास: रविवारी दुपारी दीडला कोल्हापुरात, तेही पाहुण्यांची आणि देवदर्शनाला आलेल्यांची गर्दी असताना, आठजणांना एकत्र जागा मिळायला वेळ लागणारच. फोन करून टेबल सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ताट यायला पन्नास मिनिटं: गर्दीचा दिवस ठाऊक असूनही माणसं कमी ठेवली, तर तो मालकाचा हिशोब. भाकऱ्या एकेक आल्या: गरम भाकरी हवी तर ती एकेकच येते. तव्यावर एका वेळी एक, मग निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगायची. आठजणांच्या सोळा भाकऱ्या एकदम आल्या असत्या तर समजा की आधीच्या थापून ठेवलेल्या होत्या.

पांढऱ्या रश्श्याबद्दल तर मला दोन वाक्यं जास्त लिहायची आहेत, कारण बाहेरगावचे पाहुणे नेहमी त्याच्यावरच नाराज होतात आणि आपणही आता कारण विसरत चाललोय. त्यात नारळाचं दूध असतं. ते घातल्यावर रस्सा खळखळून उकळला की दूध फुटतं आणि वर चोथा तरंगतो. म्हणून जाणता आचारी तो मंद आचेवर फक्त ऊन ठेवतो. तांबडा भांड्यात रटरटत राहू शकतो, पांढरा राहू शकत नाही. पहिल्या पंगतीचा पांढरा आणि तीन वाजताचा पांढरा यांत फरक पडायचाच. कोमट आला तर "जरा ऊन करून मिळेल का?" एवढंच विचारायचं. पण तो कोमट का, हे त्या मुलाला विचारून काही उपयोग नाही. त्याच्या हातात फक्त डाव आहे.

तो डाव मात्र त्याच्या हातात होता, आणि तो चुकीच्या ताटात गेला. इथं मी त्याची बाजू घेणार नाही. "दिसत नाही का?" हे उत्तरही त्याचंच होतं. गर्दीत जीव मेटाकुटीला आला असेल, सकाळपासून बसायलाही मिळालं नसेल, तरी समोरच्या बाईंनी ताट सोडलंय हे बघून पहिला शब्द "चुकलं" हाच यायला हवा होता. टिप न देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. टिप ही खुशीची गोष्ट आहे. खुशी नसेल तर नोट खिशात राहू द्यायची, त्यात कसलाही कमीपणा नाही.

पण सगळ्यांदेखत "आधी वाढायला शीक" म्हणण्याचा अधिकार तुम्हाला टिपेच्या पैशातून मिळत नाही. न दिलेल्या पैशातून तर मुळीच नाही.

बाबांनी शंभर रुपये का ठेवले, ते त्यांनाच विचारा. मी फक्त एवढं सांगते की त्यांची तीस वर्षं तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलीत, आणि माझ्या मते उत्तर त्याच ओळीत आहे. गाडी डेपोतून उशिरा सुटली, बोलणी कंडक्टरला. टायर पंक्चर झाला, बोलणी कंडक्टरला. गाडी आधीच भरून आली आणि स्टँडवर चाळीस माणसं उभी, त्यांची बोलणीही कंडक्टरलाच. सुट्ट्या पैशांवरून दिवसातून किती वेळा वाद घातला असेल त्या माणसानं! वेळापत्रक करणारा साहेब प्रवाशाला कधी दिसत नाही. दिसतो तो खाकीतला, हातात तिकिटं धरलेला. तुमच्या बाबांनी त्या दुपारी टेबलाशी उभा असलेला मुलगा पाहिला आणि तुमचं वाक्य ऐकलं. मला वाटतं, ते शंभर रुपये त्यांनी त्या वाक्यापायी ठेवले. जेवणाचा त्याच्याशी फार संबंध नसावा. आणि गाडीत तुम्ही 'ही माणसं' म्हणालात. तीस वर्षं त्यांनाही कोणीतरी तेच म्हणत आलं असेल.

हे लिहिताना मला आपल्याच गावातली एक गोष्ट आठवते. आपण ती शाळेत ऐकतो आणि हॉटेलात बसल्यावर विसरतो. गंगाराम कांबळे दलित समाजातले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, तर विटाळाच्या भीतीनं तिथं चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराज आपली गाडी तिथं थांबवायचे, गंगाराम यांच्या हातचा चहा स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. महाराजांनी हॉटेलासाठी मदत केली होतीच, पण नुसते पैसे पाठवून भागलं असतं तर त्यांना दुकानापुढं थांबायची गरज नव्हती. चारचौघांत त्या माणसाच्या हातून कप घेणं हे पैशानं होत नाही, म्हणून ते स्वतः थांबले. ज्या गावात हे घडलं, तिथं आपण वाढणाऱ्याला 'शुक शुक' करून किंवा चुटकी वाजवून बोलावतो, याचं मला वाईट वाटतं. वयानं मोठा असेल तर 'मामा', बरोबरीचा असेल तर 'भावा' किंवा 'दादा'. आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे?

आता बिलाकडे येते, कारण तिथं तुम्हाला खरोखर फसवलं गेलं.

तुमचं जेवण ३,२०० रुपयांचं. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ३२० रुपये. आणि मग या ३,५२० रुपयांवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे १७६. एकूण ३,६९६. म्हणजे सर्व्हिस चार्ज तर लावलाच, वर त्याच्यावर कर पण घेतला. तो नसता तर ३,२०० आणि १६० मिळून ३,३६० रुपये झाले असते. तुमचे ३३६ रुपये जास्त गेले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलानं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानंही लावायचा नाही. तो देणं ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. दिला नाही म्हणून आत घ्यायला किंवा वाढायला नकार द्यायचा नाही. आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. हॉटेलमालकांच्या दोन संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मध्यंतरी सूचनांना स्थगिती होती, पण २८ मार्च २०२५ च्या निकालानं न्यायालयानं सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चाचा भुर्दंड बसवला. पुढं त्या अपिलात गेल्या आहेत.

जीएसटीचं तसं नाही. तो सरकारचा कर आहे, तो 'नको' म्हणता येत नाही. हॉटेल लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर मात्र त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तसं बिलावर लिहिलेलं असतं. बऱ्याच लहान हॉटेलांना ही योजना लागू असते, म्हणून एवढी एक ओळ वाचत जा.

सर्व्हिस चार्ज दिसला तर काउंटरवर जाऊन शांतपणे म्हणायचं, "हा सर्व्हिस चार्ज काढून बिल परत करून द्या." गेल्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात मी हेच केलं. गल्ल्यावरचा माणूस आधी म्हणाला, मशीनमधूनच येतंय. मी म्हटलं, मग मशीनमधूनच काढा, मी थांबते. पाच मिनिटांत नवं बिल आलं. आवाज चढवावा लागला नाही. नाहीच ऐकलं तर बिल भरा, ते जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं. तुमचं बिल तुमच्याकडे असेलच, तर ३३६ रुपयांसाठी आजही हा फोन करता येईल, आणि तुम्ही तो करावा असं मला वाटतं. रक्कम छोटी आहे, पण त्या हॉटेलात रविवारी किती आठ-आठजणांची टेबलं लागत असतील याचा विचार करा.

आणि हे नीट लक्षात घ्या: सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप नव्हे. ते ३२० रुपये हॉटेलच्या खात्यात गेले. त्यातला एक रुपया तरी त्या मुलाला मिळाला का, हे बिलावरून कळत नाही. तुम्ही मनात धरून चाललात की 'सर्व्हिसचे पैसे तर घेतलेच आहेत', आणि तो मुलगा कदाचित बाबांच्या शंभर रुपयांवर घरी गेला असेल.

टिप किती द्यायची, हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, विशेषतः ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते. तिकडं वीस टक्के देतात, मग आपण का नाही? तिकडची गोष्ट वेगळी आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं किमान वेतन तिथं केंद्रीय कायद्यानं ताशी २.१३ डॉलर आहे, तेही १९९१ पासून, बाकीच्यांना ७.२५. टिपेतून उरलेलं भरून निघेल असं कायद्यानंच धरलेलं आहे, त्यामुळं तिथं टिप म्हणजे जवळजवळ पगारच. आपल्याकडे टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी देण्याची सोय मालकाला नाही. म्हणून आपल्याकडे टिपेचा आकडा ठरलेला नाही, आणि तो ठरू नये असं माझं मत आहे. एकदा दहा टक्के 'रीत' झाली की मालक तेवढं पगारातून वजा धरायला लागेल.

तरी अंदाज हवा म्हणून सांगते. मिसळीच्या दुकानात, जिथं आपण गल्ल्यावर पैसे देऊन निघतो, तिथं कोणी टिपेची वाट बघत नाही. पण कट पुन्हा पुन्हा आणून देणाऱ्या, रिकामी प्लेट दिसली की विचारणाऱ्या पोराच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवले तर ते लक्षात राहतात. बसून जेवायच्या हॉटेलात बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवलं तरी चांगलं, मन भरलं असेल तर दहा. मोठा गोतावळा घेऊन गेलात, लहान मुलांनी भात सांडला, आजीला तीनदा गरम पाणी आणून दिलं, तर टक्के मोजत बसू नका, सढळ हातानं द्या. महिन्याच्या खानावळीत रोज काही द्यायची पद्धत नाही. तिथं दिवाळीला वाढणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या मावशींना पाकीट द्यायचं. आमच्याकडे जेवणारी काही मुलं द्यायची. आई ती पाकिटं स्वतः हातात घेत नसे, ज्याचं त्याला देऊ द्यायची. पावसात घरपोच जेवण आणणाऱ्या पोराला तीस-चाळीस रुपये द्या, आणि तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खाली उतरून डबा घ्या. लग्नात वाढप्यांना कोणी विचारत नाही. पंगतीमागून पंगत वाढून ते शेवटी जेवतात, तेव्हा कार्य आपल्या घरचं असेल तर त्यांची पानं नीट वाढली जातात का, एवढं तरी बघावं.

आणि टिप हातात द्या. कार्डावर किंवा हॉटेलच्या क्यूआर कोडवर दिलेली जास्तीची रक्कम मालकाच्या खात्यात जाते, पुढं काय होतं ते त्याच्यावर. सुट्टे नसतील तर त्या मुलालाच विचारा, "तुझ्या नंबरवर पाठवू का?" काही ठिकाणी सगळ्यांची टिप एका डब्यात जमा होते आणि रात्री आचारी, भांडीवाल्या मावशी सगळ्यांत वाटली जाते. मला ही पद्धत आवडते. तुम्हाला आवडलेला तांबडा रस्सा ज्यानं केला, तो तुमच्यासमोर कधी येतच नाही.

आता वाईट सर्व्हिसचं. तुम्ही सगळ्यात मोठी चूक केलीत ती गप्प बसण्याची. सासूबाई उठल्या, हात धुऊन आल्या, आणि तुम्ही बाकीचे जेवत राहिलात. पुण्याच्या पाहुण्यांसमोर तमाशा नको असं वाटलं असेल, ते मी समजू शकते. पण तक्रार म्हणजे तमाशा नव्हे. त्याच क्षणी हात थांबवायचा, उठून मॅनेजरकडे जायचं आणि टेबलापासून चार पावलं लांब सांगायचं, "या बाई शाकाहारी आहेत, त्यांच्या भाजीत मटणाचा रस्सा पडलाय. हे ताट उचला, आतून नवं ताट आणा, नव्या वाट्यांसह, आणि हे बिलात धरू नका." बहुतेक मालक हे ऐकतात. दीड तास मनात साठवून बिलाच्या वेळी बोललं की ऐकणाऱ्यालाही वाटतं, पैसे बुडवायला कारण शोधतायत. ताट पूर्ण चाटूनपुसून खाल्ल्यावर 'मटण वातड होतं' म्हणणाऱ्यांचं कोणी मनावर घेत नाही, आणि मला त्यात मालकाचं चुकतं असं वाटत नाही. पहिल्या घासाला वातड लागलं तर पहिल्या घासाला बोला.

बोलताना काय हवंय ते सांगा. 'काय चाललंय हे?' यावर माणूस उत्तर तरी काय देणार? 'दोन भाकऱ्या अजून आल्या नाहीत, दहा मिनिटांत येतील का?' यावर तो आत पळतो.

अन्न शिळं निघालं, त्यात अळी किंवा काच निघाली, तर मात्र गोष्ट मॅनेजरच्या माफीवर मिटवू नका. फोटो काढा, ताट तसंच राहू द्या, बिल घ्या. बिलावर हॉटेलचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, असायला हवा, जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. त्या क्रमांकासह 'फूड सेफ्टी कनेक्ट' या अ‍ॅपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यानंही भागलं नाही आणि नुकसान खरोखर मोठं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील लागतोच असं नाही, आणि तुमच्या बिलासारख्या लहान रकमेच्या तक्रारीला फी पडत नाही. कोमट रश्श्यासाठी मात्र आयोगाची पायरी चढू नका.

एक गोष्ट लढण्यासारखी नाही, तीही सांगून ठेवते. टेबलावर बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग लावलं म्हणून बरेचजण भांडतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याला छापील किमतीचं बंधन नाही, कारण तिथं बाटलीबरोबर जागा आणि सेवाही विकली जाते. महाग बाटली नको असेल तर ती उघडू देऊ नका आणि साधं पाणी मागा.

वहिनींचं एक स्टारचं म्हणणं. लिहा, जरूर लिहा. पण रविवारची दुपार, आठजण, काय मागवलं, काय झालं, सर्व्हिस चार्ज कसा लावला, एवढं नेमकं लिहा. तांबडा रस्सा चांगला होता तर तेही लिहा. त्या मुलाचं नाव किंवा फोटो टाकू नका. मालकाला एक स्टार मिळाला की तो आधी बघतो, त्या टेबलावर कोण होतं, आणि सोमवारी एक पोरगा कामावरून जातो. माणसं कमी ठेवली होती ती तशीच कमी राहतात. आणि हेही लिहा की तुम्ही तिथं मॅनेजरला सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

आता घरचं. सासूबाईंना फोन करा आणि म्हणा, "तुमचं ताट मी बदलून घ्यायला हवं होतं." त्या 'असू दे हो' म्हणतील. म्हणू दे, तरी करा.

बाबांपाशी कायदा आणि टक्के काढू नका. संध्याकाळी ते चहा घेत असतील तेव्हा जाऊन बसा आणि विचारा, कंडक्टर असताना सगळ्यात वाईट कोण बोललं होतं. त्यांना सांगायचं असेल तर सांगतील. मधे बोलू नका.

पुढच्या वेळी त्या हॉटेलात जायचं तर रविवार टाळा, एखाद्या बुधवारी साडेबाराला जा. आदल्या दिवशी फोन करून सांगा: एक ताट शाकाहारी, डाव वेगळा. पांढरा पहिल्या पंगतीचा मिळेल. तो मुलगा तिथं असला तर "त्या दिवशी मी जास्त बोललो" एवढं म्हणा, आणि ते बाबांना ऐकू येईल अशा बेतानं म्हणा. सर्व्हिस चार्ज परत लावला तर काढायला सांगा. पैसे बाबांना ठेवायचे असतील तर त्यांना ठेवू द्या.

— तुमची ताई